उंदराच्या हृदयाचा 'इको' कसा काढतात? आणि त्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

घरात कुणाच्या छातीत दुखलं, चालताना दम लागला किंवा मोठं ऑपरेशन ठरलं, की डॉक्टर हमखास सांगतात, "एक टू-डी इको करून घ्या." पेशंट कुशीवर झोपतो, छातीला थंडगार जेल लागतं, स्क्रीनवर हृदय धडधडताना दिसतं आणि थोड्या वेळात हातात रिपोर्ट येतो. त्या रिपोर्टवर सगळ्यांचं लक्ष एकाच ओळीकडे जातं, 'ईएफ ६० टक्के'.

हाच इको जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये उंदरांचाही काढला जातो. हृदयाचं नवं औषध माणसापर्यंत येण्याआधी बहुतेक वेळा उंदरांवर तपासलेलं असतं. कॅन्सरच्या एखाद्या औषधाने हृदयाला इजा होते का, हेही तिथेच पाहिलं जातं. 'उंदरांवर औषध यशस्वी' अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा ते यश अनेकदा या इकोच्या आकड्यांवर उभं असतं.

पण २५ ग्रॅम वजनाच्या जिवाचं हृदय मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. भूल थोडी जास्त झाली, अंग थोडं गार पडलं किंवा हाताचा दाब थोडा वाढला, तरी आकडा बदलतो. हे सगळं नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊया.

मुळात हृदय आवाजाने दिसतं कसं?

अल्ट्रासाउंड म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणारा, खूप वरच्या पट्टीतला आवाज. छातीवर टेकवलेला प्रोब हा आवाज आत पाठवतो. वाटेत स्नायू, रक्त, झडपा असे वेगवेगळे थर लागतात. एका थरातून दुसऱ्यात जाताना आवाजाचा काही भाग परत फिरतो. हा प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून तो थर किती खोल आहे ते कळतं. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे यंत्राला हे गणित क्षणात करता येतं.

हृदयासाठी हे तंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं ते स्वीडनमधल्या लुंड शहरात. हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ साली जहाजबांधणी कारखान्यातलं, धातूमधल्या भेगा शोधण्याचं यंत्र हृदयावर वापरून पाहिलं. लोखंडातली भेग दिसते, तर हृदयाची हलणारी भिंत का दिसू नये, असा साधा विचार त्यामागे होता. आजच्या इकोची सुरुवात तिथून झाली.

मग माणसाचंच मशीन उंदराला का चालत नाही?

याचं उत्तर आकार आणि वेग या दोन गोष्टींत आहे.

मोठ्या माणसाचं हृदय साधारण ३०० ग्रॅमचं असतं, तर उंदराचं ०.१ ते ०.१५ ग्रॅमचं, म्हणजे मटारच्या लहानशा दाण्याएवढं. त्याच्या डाव्या कप्प्याची रुंदी पूर्ण फुगल्यावरही ४ मिलिमीटरच्या आसपास असते. भिंतीची जाडी तर १ मिलिमीटरहूनही कमी.

मोठ्या माणसाच्या इकोमध्ये साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात. ३ मेगाहर्ट्झला त्याच्या लहरीची लांबी अर्धा मिलिमीटर येते. ज्या भिंतीची जाडीच एक मिलिमीटर नाही, ती अर्ध्या मिलिमीटरच्या लहरीने मोजणं म्हणजे शिंप्याच्या टेपने सुईची जाडी मोजण्यासारखं आहे. म्हणून उंदरांसाठी ३० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचे प्रोब वापरतात. तिथे लहर ०.०५ मिलिमीटरवर येते, म्हणजे दहापट बारीक.

पण या बारकाव्याची किंमत मोजावी लागते. गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे दोन गल्ल्या पलीकडे असला तरी त्याची 'धडधड' आपल्याला ऐकू येते, गाण्याचे शब्द मात्र येत नाहीत. खालच्या पट्टीतला आवाज लांब जातो, वरच्या पट्टीतला वाटेतच विरतो. शरीरातही तसंच होतं. ३० मेगाहर्ट्झचा आवाज जेमतेम एक-दीड सेंटिमीटर आत जातो. माणसाच्या बाबतीत तो छातीच्या भिंतीतच संपेल. उंदराचं हृदय मात्र कातडीखाली काही मिलिमीटरवरच असतं, त्यामुळे तिथे काम भागतं.

दुसरा प्रश्न वेगाचा. आपलं हृदय मिनिटाला ७० ते ८० वेळा धडधडतं, जाग्या उंदराचं ५०० ते ७००. म्हणजे ६०० धरले तर सेकंदाला दहा ठोके. सेकंदाला ५० चित्रं घेणारं मशीन वापरलं, तर माणसाच्या एका ठोक्याची चाळीसेक चित्रं मिळतात, उंदराच्या एका ठोक्याची फक्त पाच! हृदय पूर्ण आकुंचन पावल्याचा नेमका क्षण त्या पाचांत सापडेलच असं नाही. म्हणून इथे सेकंदाला शेकडो चित्रं घेणारी यंत्रं लागतात.

१९९० च्या दशकात उंदरांच्या इकोची सुरुवात झाली, तेव्हा शास्त्रज्ञ माणसांसाठी बनवलेले, त्यातल्या त्यात वरच्या पट्टीतले प्रोब वापरत होते. पुढे कॅनडातल्या टोरांटो शहरात स्टुअर्ट फॉस्टर यांच्या संशोधनातून लहान प्राण्यांसाठीची खास यंत्रं तयार झाली. त्यांनी त्यासाठी १९९९ साली 'व्हिज्युअलसॉनिक्स' ही कंपनी स्थापन केली.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते?

उंदराला 'पाच मिनिटं हलू नकोस' असं सांगता येत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी आयसोफ्लुरेन या वायूची हलकी भूल दिली जाते. आधी एका पारदर्शक डब्यात २ ते ३ टक्के आयसोफ्लुरेन देतात. उंदीर झोपला की नाकाला छोटं नळकांडं लावून प्रमाण १ ते १.५ टक्क्यांवर आणतात.

मग त्याला गरम ठेवणाऱ्या पाटावर उताणं झोपवतात. चारही पंजे पाटावरच्या छोट्या धातूच्या पट्ट्यांवर जेल लावून टेपने हलकेच चिकटवतात. या पट्ट्या म्हणजे ईसीजीचे इलेक्ट्रोड. छातीवरचे केस क्रीमने काढतात, कारण केसांत अडकलेली हवा आवाजाला आत जाऊ देत नाही. भुलेत डोळे उघडे राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावतात. शरीराचं तापमान मोजायला बारीक सेन्सर लावतात. जेलही आधी कोमट करून घेतात.

त्यानंतर प्रोब टेकवून दोन मुख्य दृश्यं घेतली जातात. एकात हृदय उभं, टोकापासून बुडापर्यंत दिसतं. दुसऱ्यात ते आडवं कापल्यासारखं, गोल दिसतं. कसलेल्या हाताला या सगळ्याला काही मिनिटं पुरतात. भूल बंद केली की थोड्याच वेळात उंदीर उठून पिंजऱ्यात फिरायला लागतो.

कोणते आकडे मोजतात?

सगळ्यात महत्त्वाचा आकडा आपल्या ओळखीचाच आहे, इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे ईएफ. होळीच्या पिचकारीचं उदाहरण घ्या. पिचकारीत भरलेल्या पाण्यापैकी एका दाबात किती टक्के बाहेर पडलं, ते म्हणजे ईएफ.

समजा, उंदराच्या डाव्या कप्प्यात ६० मायक्रोलिटर रक्त भरलं आणि आकुंचनानंतर २४ उरलं. म्हणजे ३६ बाहेर गेलं, ईएफ झाला ६० टक्के. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, त्यामुळे हे ३६ मायक्रोलिटर म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. पण मिनिटाला ५०० ठोके धरले, तर हे हृदय मिनिटाला १८ मिलिलिटर रक्त ढकलतं. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात एकूण रक्तच असतं पावणेदोन मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे सगळं रक्त मिनिटाला दहा वेळा फिरून येतं!

दुसरा आकडा म्हणजे फ्रॅक्शनल शॉर्टनिंग. कप्पा फुगलेला असताना रुंदी किती आणि आकसल्यावर किती, यातला टक्केवारीचा फरक. ४ मिलिमीटरवरून २.६ मिलिमीटरवर आला, तर ३५ टक्के. हे मोजायला 'एम-मोड' वापरतात. त्यात पूर्ण चित्राऐवजी एकाच रेषेवरच्या भिंतींची हालचाल अतिशय वेगाने टिपली जाते आणि स्क्रीनवर लाटांसारखी दिसते.

तिसरी गोष्ट म्हणजे डॉप्लर. अ‍ॅम्ब्युलन्स जवळ येताना सायरनची पट्टी चढते आणि लांब जाताना उतरते, तेच तत्त्व वापरून रक्ताचा वेग मोजतात. हृदय आकसतं कसं, याबरोबर ते सैल होऊन भरतं कसं, हेही यातून कळतं. हे महत्त्वाचं आहे, कारण काही पेशंटमध्ये ईएफ अगदी नॉर्मल असतो, पण हृदय कडक झाल्याने नीट भरत नाही आणि दम लागतो.

यात चूक कुठे होऊ शकते?

डॉक्सोरुबिसिन या औषधाचं उदाहरण घेऊ. स्तनाच्या कॅन्सरपासून रक्ताच्या कॅन्सरपर्यंत अनेक ठिकाणी ते वापरलं जातं. ते प्रभावी आहे, पण एकूण डोस वाढत गेला की हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात. म्हणूनच हे औषध सुरू करण्याआधी पेशंटचा टू-डी इको काढतात आणि गरजेनुसार पुढेही काढत राहतात. कॅन्सर बरा करताना हृदय कसं वाचवायचं, हा अनेक प्रयोगशाळांमधल्या संशोधनाचा विषय आहे.

आता समजा, एका प्रयोगात उंदरांचे दोन गट आहेत. दोघांनाही डॉक्सोरुबिसिन दिलंय, पण एका गटाला सोबत हृदय वाचवणारं नवं औषधही दिलंय. शेवटी इको काढला. नव्या औषधाच्या गटाचा ईएफ ५८ टक्के आला, दुसऱ्याचा ४८. औषध लागू पडलं?

कदाचित हो. पण आधी काही गोष्टी तपासाव्या लागतील.

पहिली म्हणजे भूल. आयसोफ्लुरेन हृदयाचा जोर कमी करतं. भूल जास्त झाली की ठोके ५०० वरून ३०० पर्यंत घसरू शकतात, कप्पा जास्त फुगतो आणि ईएफ पडतो. केटामाइन आणि झायलाझिन ही इंजेक्शनची भूल दिली, तर ठोके आणखी मंदावतात. दुसऱ्या गटाला भूल थोडी जास्त लागली असेल, तर दहा टक्क्यांचा तो फरक औषधाचा नसून भुलेचा असू शकतो.

दुसरी म्हणजे तापमान. लहान शरीर भराभर गार पडतं. त्यात भूल, ओलं जेल आणि केस काढलेली छाती. अंग गार झालं की हृदय मंदावतं. म्हणून शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखणं अत्यावश्यक आहे.

तिसरी म्हणजे हाताचा दाब. उंदराची छाती इतकी नाजूक असते की प्रोब जरा जोरात टेकला, तरी हृदय दबतं आणि ठोके कमी होतात. म्हणून अनेक ठिकाणी प्रोब हातात न धरता स्टँडवर बसवतात.

चौथी म्हणजे मोजणारा माणूस. वरच्या उदाहरणात आकसलेला कप्पा २.६ ऐवजी २.८ मिलिमीटर मोजला, तर फ्रॅक्शनल शॉर्टनिंग ३५ वरून ३० टक्क्यांवर येतं. स्क्रीनवर कर्सर ०.२ मिलिमीटर इकडेतिकडे सरकला इतकंच, पण निकालात पाच टक्क्यांचा फरक पडला. मोजणाऱ्याला 'हा औषधाच्या गटातला उंदीर' हे माहीत असेल, तर नकळत कर्सर सोयीच्या बाजूला झुकू शकतो. त्यात लबाडी असेलच असं नाही, तो माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच चांगल्या प्रयोगात चित्रं घेणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला गट सांगितला जात नाही. फक्त नंबर दिसतो.

अशा चुका दोन्ही बाजूंनी महागात पडतात. निरुपयोगी औषध 'यशस्वी' ठरलं, तर पुढे पैसा, वर्षं आणि पेशंटची आशा वाया जाते. चांगलं औषध 'अयशस्वी' ठरलं, तर ते पेशंटपर्यंत कधी पोहोचतच नाही.

मग भूल न देताच इको का काढत नाहीत?

काही प्रयोगशाळा काढतात. उंदराला आधी काही दिवस हातात धरून राहण्याची सवय लावतात आणि जागेपणीच तपासतात. भुलेचा परिणाम टळतो, पण घाबरल्याने ठोके ७०० च्या जवळ जाऊ शकतात आणि हृदय नेहमीपेक्षा जोरात आकसतं. थोडक्यात, तेव्हाही 'आराम करणारं' हृदय दिसत नाही.

शिवाय हृदय कसं भरतं हे डॉप्लरने पाहायचं, तर वेगळीच अडचण येते. भरण्याच्या दोन लाटा असतात. ठोके खूप वेगात असले की त्या एकमेकींत मिसळतात आणि वेगळ्या मोजता येत नाहीत. त्या मोजणीसाठी भुलेने ठोके थोडे कमी करणंच सोयीचं पडतं.

म्हणजे एकच 'बरोबर' पद्धत नाही. प्रश्न काय आहे, त्यावर पद्धत ठरते. मात्र एकदा ठरवली की प्रत्येक उंदरासाठी तीच ठेवावी लागते आणि इकोच्या वेळी ठोके किती होते, तेही ईएफसोबत लिहावं लागतं.

यात उंदरांचा काही फायदा?

आहे, आणि तो मोठा आहे. इको नसताना हृदयात काय बदललं हे पाहायला अनेकदा उंदीर मारून हृदय बाहेर काढावं लागे. समजा, दोन गट आहेत, पाच वेगवेगळ्या आठवड्यांत तपासणी करायची आहे आणि प्रत्येक वेळी गटातले आठ उंदीर हवेत. जुन्या पद्धतीने ८० उंदीर लागले असते. इकोने तेच १६ उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतात. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी होते, त्यामुळे निकालही जास्त भरवशाचा.

ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली होती. जमेल तिथे प्राण्यांना पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. इको यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तत्त्वाला थेट मदत करतो.

भारतातही असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा आणि त्याखालचे नियम लागू होतात, केंद्राची देखरेख समिती असते आणि प्रत्येक संस्थेतल्या नीतिसमितीची परवानगी लागते. किती उंदीर हवेत आणि का, याचं उत्तर तिथे द्यावं लागतं.

उंदराला लागू पडलं, मग माणसालाही पडेल?

इथे सावध राहायला हवं. उंदराचं हृदय म्हणजे माणसाच्या हृदयाची छोटी प्रत नाही. स्नायू आकसवणारं मायोसिन हे प्रथिन उंदराच्या कप्प्यांत मुख्यतः वेगवान प्रकारचं असतं, माणसात मुख्यतः संथ प्रकारचं. उंदराचा आजारही बहुतेक वेळा कृत्रिम असतो. महाधमनी दोऱ्याने अरुंद करून किंवा हृदयाची रक्तवाहिनी बांधून तो काही मिनिटांत तयार केला जातो. माणसाचं हृदय मात्र ब्लड प्रेशर, डायबेटिस, वय, तंबाखू असं सगळं सोसत वर्षानुवर्षं थकत जातं. शिवाय प्रयोगातले उंदीर बहुधा तरुण आणि जवळजवळ सारख्याच जनुकांचे असतात, पेशंट तसे नसतात.

म्हणून उंदरांवरचा इको एवढंच सांगतो, की या औषधाला पुढच्या टप्प्यावर संधी द्यावी की नाही. अंतिम उत्तर माणसांवरच्या चाचण्याच देतात.

बातमी वाचताना काय पाहावं?

'उंदरांच्या हृदयावर नवं औषध गुणकारी' अशी बातमी पुढच्या वेळी दिसली, की चार प्रश्न विचारा. किती उंदीर होते? दोन्ही गटांत इकोच्या वेळी ठोके आणि तापमान सारखं होतं का? मोजणाऱ्यापासून गट लपवला होता का? आणि औषधाआधीचा इको काढला होता का, की फक्त नंतरचा?

ही उत्तरं मूळ शोधनिबंधाच्या 'पद्धती' या भागात असायला हवीत. ती तिथे असतील, तर आकडा गंभीरपणे घ्यायला हरकत नाही. नसतील, तर बातमी कितीही आनंदाची असली तरी थोडं थांबावं. आणि घरात कुणाचं हृदयाचं औषध सुरू असेल, तर अशा बातमीच्या भरवशावर ते बंद करू नये किंवा बदलू नये. त्यासाठी आपल्या डॉक्टरांशीच बोलावं.